व्याह्याला मुराळी

भिवराबाई गावाच्या ग्रुपची ॲडमिन झाली त्याला कारण एकच: विजयसिंहाला मतांचं भ्या वाटलं. हा विजयसिंह म्हणजे सरपंचाचा पुतण्या. पुढच्या खेपेला झेडपीला उभं राहायचं म्हणून आतापासूनच दिसेल त्या म्हाताऱ्याच्या पाया पडत हिंडणारा. 'आपलं उंबरजवळा, एक परिवार' हा ग्रुप त्यानंच काढला होता. परिवार म्हटल्यावर भांडण आलंच, आणि ते भैरवनाथाच्या जत्रेवरून असं पेटलं की विजयसिंहाला दोन्हीकडची मतं डोळ्यांदेखत पातळ होताना दिसायला लागली.

त्याचं असं आहे. दिवाळी सरली की अर्धं उंबरजवळा कोयता घेऊन सांगलीकडं उसाच्या फडावर तोडीला जातं, ते गुढीपाडव्याच्या सुमाराला परत येतं. जत्रा नेमकी माघात. म्हणजे देव इकडं आणि अर्धे भक्त तिकडं. यंदा फडावरच्यांनी ग्रुपात विषय काढला, की जत्रा पाडव्यानंतर घ्या, आम्हालाही देव आहे. गावात राहिलेल्यांनी उलट विचारलं, वाडवडिलांची तीथ हलवणारे तुम्ही कोण? त्यापुढं जे लिहिलं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. भिवराबाईला ते वाचताही आलं नव्हतं, कारण तिची शाळा दुसरीत सुटली. 'सुटली' असं ती म्हणायची. मास्तरच्या डोक्यात पाटी घातली होती, हे सांगत नसे.

"मावशी," विजयसिंह ओट्यावर बसून म्हणाला, "गावात तुमच्यापुढं कुणाची जीभ चालती का?"

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. उगी खोटं कशाला बोला?

"मंग ग्रुपची पाटीलकी आजपासनं तुमाला."

"आन तू काय करणार?"

"मी लांबनं बघतो. मला दोन्हीकडं जेवायला जावं लागतंय, मावशी."

भिवराबाईचं स्वतःचं मत ठरलेलं होतं. जत्रेचा पहिला नैवेद्य तिच्या घरचा, तिच्या सासूच्या सासूपासून. तीथ हलवायचं नाव तिच्यापुढं कुणी काढलं नसतं. पण पाटीलकी घेतल्यावर आपलं मत जरा पदराखाली ठेवावं, एवढी अक्कल तिला शाळेबाहेरच मिळाली होती. सून वनमाला अंगणवाडीत मदतनीस होती, तिच्याकडून तिनं फोनमध्ये बोलायचं कसं ते शिकून घेतलं आणि ग्रुपात पहिला हुकूम सोडला.

"ऐका. आजपासनं ह्या ग्रुपात कुणी लिहायचं न्हाई, बोलायचं. लिहिलेल्याला तोंड नसतंय, आन तोंड न्हाई त्याला लाज कुठनं येणार? दुसरं. बोलायच्या आधी नातं सांगायचं. काका असंल तर काका, मामा असंल तर मामा. मंग काय वंगाळ बोलायचं ते बोला. बघू जमतंय का."

जमेना. फडावरच्या एका पोरानं तोंड उघडलं आणि "हनुमानमामा" म्हटल्यावर त्याची शिवी घशातच वाळली. "तुमचं डोस्कं जरा फिरल्यावानी वाटतंय, माफी असावी," एवढंच बाहेर आलं. फाट्यावर चहाचं हॉटेल चालवणारा हनुमान एरवी गिऱ्हाइकालाही बे म्हणणारा माणूस. तो म्हणाला, "भाच्या, डोस्कं तुझंच फिरलंय. घरी मायची तब्येत बरी हाय का?" ऐकणाऱ्याला वाटावं, सोयरीक जुळायला आलीय. भिवराबाई ओट्यावर पाय सोडून फोन कानाला लावायची आणि सुपारी कातरायची. आपल्यासारखी बाई दिल्लीला पाहिजे होती, असं तिला वाटायचं, आणि ते ती बोलूनही दाखवायची.

मग केशरबाईनं घोळ केला. केशरबाई म्हणजे भिवराबाईची धाकटी जाऊ. तिनं ग्रुपात भावकीतल्या सुंदरबाईला "सूनबाई" म्हटलं. सुंदरबाई म्हणाली, माझ्या माहेराकडून बघितलं तर तू माझी भाची लागतेस, तूच मला मावशी म्हण. जत्रा राहिली बाजूला, आणि कोण कुणाच्या मामेसासूची कोण, यावर ग्रुपात अशी उकराउकर झाली की मेलेल्या माणसांनाही उत्तरं द्यावी लागली असती. भिवराबाईनं निकाल दिला: दोघींनी एकमेकींना नुसतं बाई म्हणावं. दोघीही रुसल्या. दोघी सारख्याच रुसल्या म्हणजे निकाल बरोबर असणार, असं तिनं धरलं.

भिवराबाईचा नवरा गहिनीनाथ. गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष, पण ह्या सगळ्यात त्याचा आवाज नव्हता. "मी तुला काय नातं सांगून बोलायचं ग ग्रुपात?" त्यानं विचारलं होतं.

"तुमाला बोलायचंय कावून?" ती म्हणाली, आणि तो प्रश्न तिथंच मिटला.

असं सुरळीत चाललेलं असताना सटवानं तोंड उघडलं. सटवा म्हणजे भिवराबाईचा व्याही. तिची धाकटी लेक रोहिणी गावातल्या गावात, खालच्या आळीला, सटवाच्या थोरल्याला दिलेली. सटवा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम. टोळीबरोबर लेक-सून दोघंही फडावर होती. रोहिणीला पहिल्यांदाच दिवस गेले होते, सातवा लागलेला. पौष सरला की लेकीला बाळंतपणाला माहेरी आणायचं, हे दोन्ही घरांत ठरलेलं होतं.

"विहीणबाई, राम राम," सटवाचा आवाज आला. "तुमच्या कायद्यापरमाणं आधी नातं सांगितलं. आता बोलतो. माघातली जत्रा म्हंजे घरी बसणाराची जत्रा. आमी काय नाथाचे सावत्र हाओत का? पयला नैवेद्य तुमचा, म्हून तुमाला माघ गोड लागतोय."

भिवराबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण ती ॲडमिन होती. भर ग्रुपात व्याह्याला उलटून बोलणं शोभत नाही. त्याला एकट्याला फोन लावावा आणि मग शोभेल-न शोभेल ते बोलावं, असा शहाणा विचार तिनं केला. वनमालेनं शिकवल्याप्रमाणे ग्रुपातल्या नावांची रांग काढली, सटवाचा फोटो ओळखला आणि त्यावर बोट दाबून धरलं. फोननं काहीतरी विचारलं. ते वाचून दाखवायला वनमाला घरात नव्हती. हो म्हटल्याशिवाय फोन पुढं जात नाही एवढं तिला माहीत होतं. तिनं हो म्हटलं.

सगळ्या गावाच्या आणि सगळ्या फडाच्या फोनवर अक्षरं उमटली: भिवराबाई यांनी सटवा यांना काढून टाकले.

त्या ग्रुपात आजवर शिव्या झाल्या होत्या, बाप निघाले होते, पण काढलं कुणाला नव्हतं.  मग एकदम सगळा ग्रुप बोलायला लागला, आणि प्रत्येकजण आधी नातं सांगून.

"आत्या, काय केलंत ओ हे?" वनमाला अंगणवाडीतून पळत आली.

"फोन लावत होते."

"फोन न्हाई लावला. व्याह्याला पंगतीतनं उठवलंत."

वनमालेनं घाईघाईनं सटवाला परत आत घेतलं. पण सटवा आपणहून बाहेर पडला. आता त्याला आत घ्यायचं तर निमंत्रण पाठवा, असं फोन म्हणायला लागला. वनमालेनं ते पाठवलं. ते होतं एक निळं अक्षर, लांबलचक. त्याच्यावर बोट ठेवलं की माणूस ग्रुपात येतो. सटवानं बोट ठेवलं नाही. त्यानं गहिनीनाथला फोन केला.

"पाव्हणं, तुमच्या घरनं एक निळी रेघ आलीय. तिच्यावर बोट ठिवा म्हणतेत. आवतन असं असतंय का? कुंकू न्हाई, माणूस न्हाई. सोयऱ्याला दारातनं बाहेर काढलं, आन आता म्हणतेत खिडकीतनं आत या."

"चुकून झालं हो," गहिनीनाथ म्हणाला.

"चुकून पाय लागतोय पाव्हणं, सोयरा चुकून निघत न्हाई. सून न्यायला तुमच्याकडनं मुराळी येतो का न्हाई? तसा मला न्यायला मुराळी धाडा. ज्यानं काढलं त्यानंच यावं." मग जरा थांबून, आवाज उतरवून तो म्हणाला, "तवर रोहिणीचं निघायचं बी जरा दमानं घेऊ."

फोन चुलीपुढं मोठ्या आवाजात चालू होता. शेवटचं वाक्य ऐकून भिवराबाईच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली.

लेकीला सासरहून आणायला भाऊ मुराळी जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सासऱ्याला ग्रुपात आणायला मुराळी कधी कुणी धाडला नव्हता, त्यामुळं त्याची रीत कुणालाच माहीत नव्हती. म्हणून सगळ्यांनीच सांगितली. गहिनीनाथ म्हणाला, "समितीकडं अर्ज कर. मी दोन्ही बाजूंना बोलावतो."

"मी तुमच्याकडं अर्ज करू?"

"नियम हाय."

"मंग जेवायला बी अर्ज करत जावा तुमी."

हनुमान चहाची किटली तशीच टाकून आला. "मावशी, वाळीत टाकायचा कायदा आता लई कडक हाय. पोलीस येतेत. तुमी आधी ग्रामसेवकाकडनं कायतरी लिहून घ्या." भिवराबाई तरातरा ग्रामपंचायतीत गेली आणि हे चुकून झालं असा दाखला मागितला. ग्रामसेवक म्हणाला, "मावशी, रहिवासाचा देतो, हयातीचा देतो. चुकून झाल्याचा नमुना आपल्याकडं येत नाही. आणि ग्रुप आपल्या हद्दीतही नाही." विजयसिंहानं सगळ्यात पुढची उडी मारली: फडावरच्यांसाठी वेगळा ग्रुप काढून सटवालाच त्याचा ॲडमिन केला आणि भिवराबाईच्या पाया पडून सांगितलं, की हे तुमच्याच भल्यासाठी.

केशरबाईनं दारातूनच हनुवटीला बोट लावलं. "लेकीची माय व्याह्याच्या दारी? मी तर मेले तरी गेले नसते, जाऊबाई. आन तुमी गेलातच, तर नैवेद्याचं मी बघते. जत्रा काय आता आलीच."

हे ऐकल्यावर जाण्याचा प्रश्नच नव्हता. भिवराबाईनं ठणकावून सांगितलं, की मी कुणाच्या बापाला भीत नाही, व्याह्याला तर मुळीच नाही, आणि सत्यम जाईल. सत्यम म्हणजे तिचा लेक, चाकणला कंपनीत. पण व्याह्यानं ज्यानं काढलं त्यालाच बोलावलं होतं. सत्यम म्हणाला, "आई, मी काढलं नाही. मी तर तो ग्रुप बंद करून ठेवलाय."

मग वनमालेच्या फोनवर रोहिणीचा आवाज आला. "वहिनी, मायला सांग, मी मजेत हाय. मामांचं मनावर घेऊ नको म्हणावं, ते जरा रुसलेत. मला जड काम न्हाई, नुसत्या मोळ्या बांधते." बस, एवढंच. भिवराबाईनं ते परत लावायला सांगितलं. परत लावायला सांगितलं. 'मजेत' आणि 'हाय' ह्या दोन शब्दांच्या मधी लेकीला श्वास घ्यावा लागत होता. आईला सांगायचं खोटं पोरगी एका दमात सांगते. तिचा दम पुरत नव्हता.

भिवराबाईनं पेटीतून नवा टॉवेल काढला, टोपी काढली, कुंकवाचा करंडा पदराला बांधला. "चल," ती वनमालेला म्हणाली. "जत्रंच्या आदल्या दिवशी माघारी यायचं."

एस.टी.त कंडक्टरनं विचारलं, "कुठं निघालात आजी एवढं नटूनथटून?"

"व्याह्याला ग्रुपात आणायला."

बास. तिची अडचण सगळ्या गाडीनं वाटून घेतली. एक जण म्हणाला, जोड्यानं आहेर न्या. एक बाई म्हणाली, आमच्या ग्रुपातून जावई काढलाय, तो अजून बाहेरच आहे, बरं चाललंय. मागून कुणी सल्ला दिला, की व्याह्यापुढं आधी जरा रडा. "रडायला मी काय पिक्चर काढायला निघालेय का?" असं भिवराबाई म्हणाली, आणि त्या घडीला गाडीचं टायर फुटलं. गाडी सुटली तर पुढची चुकली. पुढची मिळाली तर ती दुसऱ्याच कारखान्याला गेली, आणि दोन मुक्काम वाटेतच पडले. भिवराबाई फडावर पोचली त्या दिवशी सकाळी उंबरजवळ्यात हलगी वाजायला लागली असणार. जत्रेचा दिवस उजाडला होता आणि मानाची बाई उसाच्या पाचटात उभी होती.

टोळीच्या राहायच्या पाचटाच्या कोप्या एका ओळीत, मधी चुली. सटवा लांबून दिसला. त्यानंही बघितलं. पण हातातला कोयता थांबला नाही. "ट्रॉली भरल्याबिगर सोयरंधायरं न्हाई," तो कुणाकडंच न बघता म्हणाला.

रोहिणी मोळी बांधत बसली होती. उठताना तिनं कमरेला हात लावला. घोट्यापासून पाय असे सुजले होते की जोडवी मांसात रुतलेली. आईनं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "मोळी ढिली बांधलीस."

"माय, तू कशी आलीस? आज तर जत्रा..."

"सरक तिकडं." भिवराबाईनं पदर खोचला, लेकीला सावलीत बसवलं आणि तिच्या वाट्याच्या मोळ्या बांधायला घेतल्या. वनमाला म्हणाली, "आत्या, हळू." पण भिवराबाईला मोळीशी बोलायचं बरंच होतं.

दिवस कलायला आला तेव्हा ट्रॉली भरली. सटवा हात-पाय धुऊन आला आणि एका पोत्यावर असा बसला, की जणू पाटावर नवरदेव. टोळी भोवती जमली. भिवराबाईनं कुंकू लावलं, टोपी घातली, टॉवेल खांद्यावर दिला.  टॉवेलाची घडी नीट करत ती म्हणाली, "व्याहीबुवा, बोटाची चूक झाली."

"बोटाची?"

टोळीतल्या बाया पदराआड हसल्या. भिवराबाईनं त्यांच्याकडं एकदा बघितलं, त्या थांबल्या.

"बोट माझंच हाय," ती म्हणाली. "चला, ग्रुपात चला."

सटवानं निळ्या रेघेवर बोट ठेवलं. काहीच झालं नाही. परत ठेवलं. वनमालेनं फोन हातात घेऊन आभाळाकडं धरला. रेंज नव्हती. एवढा मानपान झाला, आणि आत जायचं दार कुठं सापडेना.

"वर मिळती," सटवा म्हणाला. वर म्हणजे भरलेल्या ट्रॉलीवर, उसाच्या ढिगावर. तो चढला. आता ज्यानं काढलं त्यानं आत घ्यायचं, तर तिलाही चढणं आलं. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती निम्मी चढली आणि अडकली. व्याह्यानं विहिणीला हात द्यायचा कसा? टोळी विचारात पडली. शेवटी सटवानं नवा टॉवेल खाली सोडला. एक टोक त्याच्या हाती, दुसरं हिच्या. अशी उंबरजवळ्याच्या ग्रुपची ॲडमिन त्या ढिगावर ओढून घेण्यात आली. ह्या प्रसंगाचा फोटो काढणाऱ्याला ती काय करील, हे तिनं खाली न बघताच सांगून ठेवलं होतं.

वर रेंज होती. सटवा ग्रुपात आला, आणि त्याच्यामागोमाग सगळी जत्रा आली. पालखी, कळसाला लावलेले दिवे, गुलालात न ओळखू येणारी पोरं. हलगीचा आवाज. त्यात केशरबाईचा आवाज, गोड: "जाऊबाई, काळजी करू नका. पयला नैवेद्य मीच दाखवला."

 सासूच्या सासूपासूनचा मान, आणि भिवराबाई उसावर बसून फोनात ऐकत होती.

"आवाज वाढवा की, मुकादम!" खालून कुणीतरी ओरडलं. तिनं खाली बघितलं. सगळी टोळी ट्रॉलीला लागून उभी होती. बायांनी डोक्यावर पदर घेतलेले, पुरुषांनी टोप्या नीट केलेल्या. हलगी वाजली तसे त्यांनी हात जोडले.

"आमी दरवर्षी असंच चढून ऐकतो," सटवा म्हणाला. तक्रार नव्हती, ऊस कसा लागलाय ते सांगावं तसं सांगितलं. मग टोपी जरा मागं सारून म्हणाला, "विहीणबाई, एक इचारू? आमच्या घरातलं पोर नाथापुढं जत्रंलाच जावळ देतंय. येणाऱ्या पोराचे पयले केस. पुढल्या माघात त्याची माय हितं, बाप हितं, आज्जा हितं. मंग पोर काय डाकेनं धाडायचं का?"

   भिवराबाईनं मनात त्या पोराला धरलं, रोहिणीच्या कडेवर दिलं, नाथाच्या पायरीपाशी नेलं. तिथं कडेला केशरबाई नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती. पोर आणि त्याची माय कुठंच नव्हती.

"उतरा आधी," ती म्हणाली. "उंचावर माणसाला कायबी सुचतंय."

सकाळी सटवानं आपण होऊन रोहिणीचं गाठोडं उचललं आणि रस्त्यापर्यंत पोचवलं. "बाळंतपण झालं की आमी येतो," तो म्हणाला. भिवराबाईनं मान हलवली आणि गाठोड्याची गाठ उगीच परत बांधली.

एस.टी.ला खिडकीची जागा रोहिणीला मिळाली. गाडी चालू झाल्यावर भिवराबाईनं फोन तोंडाशी धरला.

"सगळ्यांनी ऐका. जत्रा पाडव्यानंतर घेतली पायजे, हे मी पयल्यापासनं म्हणत आले."

 पहिली केशरबाई बोलली. "जाऊबाई, तुमी कधी म्हणलात ओ?" हनुमानानं "मावशी, कायदा..." एवढं म्हणून सोडून दिलं. तेवढ्यात फडावरून सटवा आला, म्हणजे आवाज आला. परत ट्रॉलीवर चढला असणार. "केशरवहिनी, राम राम. तुमची अडचण काय हाय ते नीट सांगा. आमी तुमाला कधी इचारलंच न्हाई."

केशरबाईला कुणी असं विचारल्याची सवय नव्हती. ती आधी बिचकली. मग म्हणाली, "दादा, चैतात गावाला पाणी कुठं असतंय? तुमी येता, पावणंरावळं येतेत. हंडे आमीच वाहतो. जत्रा माघात हाय तवर हिरीला पाणी हाय."

भिवराबाईनं ते दोनदा ऐकलं. मग खिडकीबाहेर बघत, जणू कुणी जबरदस्तीनं वदवून घेतंय अशा आवाजात बोलली, "केशर, पाण्याचं बोललीस ते खरं हाय. त्याच्यावर बोला आता सगळे. टँकरचं विजयसिंहाला इचारा. त्याला मतं पायजेत."

आणि तिनं फोन पिशवीत टाकला. पिशवीत तो वाजतच होता. काका, मामा, वहिनी, दादा, आत लगीनघर भरल्यासारखं. गहिनीनाथचाही आवाज एकदा आल्यासारखा वाटला, पण तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

रोहिणी कितीतरी वेळ आईकडं बघत होती. हसू दाबत म्हणाली, "माय, तू तर म्हणायचीस, तीथ हलवंल त्याची जीभ..."

"गप," भिवराबाई म्हणाली आणि स्वतःच्या मांडीवर थाप मारून जागा केली. "पाय वर घे."